पस्तीस मिनिटांचं धुळे

जळगाव ते धुळे अंतर किती, असं कोणी विचारलं की माझं डोकं अजूनही फिरतं. कोणतं अंतर हवंय? नकाशावर पट्टी ठेवलीत तर बावन्न मैल. एरंडोल-पारोळ्याच्या सडकेनं सत्तावन्न. आणि आगगाडीनं जाल तर ब्याण्णव, कारण ज्यानं रूळ टाकले त्याला धुळ्याला जायचंच नव्हतं. गाडी जळगावहून निघते ती खाली चाळीसगावला जाते, तिथे आपल्याला उतरवते, आणि मग धुळ्याची धाकटी गाडी आपल्याला घेऊन पुन्हा वर येते. शेजाऱ्याच्या ओट्यावर जायला अख्ख्या गावाला वळसा घालावा, तसला हा प्रकार.

ब्याण्णव मैलही मी सोसले असते. सोसत नव्हतं ते चाळीसगावचं बाकडं. पहाटेच्या गाडीनं निघालं तर तिथे चार तास बसावं लागायचं, पण धुळ्याची गाडी नक्की मिळायची. दुपारच्या गाडीनं निघालं तर मधे फक्त वीस मिनिटं. शहाणी माणसं पहाटेची गाडी धरत. मी दुपारची धरायचो. हातावर हात ठेवून चार तास बसणं माझ्या स्वभावात नाही. मग व्हायचं असं की आमची गाडी अर्धा तास उशिरा पोहोचायची, आणि मी गाठोडं काखेत मारून पळत सुटलो की समोर धुळ्याच्या गाडीचा शेवटचा डबा जाताना दिसायचा. त्या डब्याचा लाल दिवा मी इतक्यांदा पाहिलाय की तो मला स्वप्नातही ओळखू येईल.

मी झुलाल मिस्त्री. जळगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत इंजिनाचा फिटर होतो. माझी धाकटी बहीण ताईबाई धुळ्याला दिलेली, पांझरेच्या काठी धनसिंग पाव्हण्यांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, मळा होता तिथे. एकच बहीण, आणि तिला एकच भाऊ. तिच्या घरी काही मंगल निघालं की मामा म्हणून मीच लागायचो. तिच्या मुलीचे, शेवंताचे, कान टोचायचे होते तेव्हा मामाच्या मांडीवर बसवून टोचायचे म्हणून सगळे खोळंबले होते. मी चाळीसगावला होतो. शेवटी शेजारच्या कौतिक न्हाव्याच्या मांडीवर बसवून पोरीचे कान टोचले. पुढे तिच्या धाकट्या भावाचं जावळ काढायचं होतं, तेही मामाच्याच मांडीवर. तेव्हाही मी चाळीसगावला होतो. दुसऱ्या दिवशी पोहोचलो तर पोराचं डोकं तुळतुळीत, आणि ताईबाईनं पाण्याचा तांब्या माझ्यासमोर आपटला.

"जयगाव काय इलायतमा शे का रे भाऊ?" ती म्हणाली.

मी तिला गाडीची चूक समजावून सांगितली, वीस मिनिटांचा हिशेब सांगितला. ती म्हणाली, बाकीचे पाव्हणेही त्याच चाळीसगाववरून आले, ते कसे वेळेवर आले? यावर मी चिडलो. दोन दिवस चिडून राहिलो आणि जेवून परत आलो.

सन चौतीसची गोष्ट. शेवंता सोळा वर्षांची झाली आणि तिचं लग्न ठरलं. वैशाखातला मुहूर्त, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांचा. आता आमच्या भावकीत एक रीत आहे ती सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. बोहल्यावर नवरी मामाकडचं पिवळं लुगडं नेसते. ते लुगडं मामानं स्वतःच्या हातानं न्यायचं, कोणाबरोबर आधी पाठवायचं नाही. मामा आजारी असला, किंवा हयातच नसला, तर घरातला जो कोणी लुगडं घेऊन येईल तो त्या दिवसापुरता मामा. तोच नवरीला हात धरून आणणार आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या मागे उभा राहणार. लुगडं आल्याशिवाय नवरी उठत नाही, मग मुहूर्त टळो की काही होवो.

ताईबाईनं दोन महिने आधी निरोप धाडला होता. निरोप एवढाच की, कानांच्या वेळेला नव्हतास, जावळाला नव्हतास, या वेळी नसलास तर मला भाऊ नाही असं मी समजेन. ती असलं बोलून विसरणाऱ्यांतली नव्हती. मी येवल्याहून हिरव्या काठाचं पिवळं लुगडं आणवलं, आणि भिकुबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगून टाकलं की या खेपेला आपण आदल्या दिवशी पहाटेच्या गाडीनं जायचं, चाळीसगावला चार तास बसायचं, जीव गेला तरी चालेल.

मी खरोखरच बसणार होतो. पण लग्नाच्या पाच दिवस आधी जळगावात विमान उतरलं.

मुंबईचा एक पारशी तरुण ते घेऊन गावोगाव हिंडत होता आणि लोकांना आकाशात फिरवून आणत होता. दोन माणसांचं विमान, वर छप्पर नाही, पुढे उतारू बसणार आणि मागे पायलट. आमच्या फॅक्टरीमागच्या मोकळ्या रानात ते उभं राहिलं आणि अर्धं जळगाव तिथे लोटलं. तिसऱ्या दिवशी त्याचं इंजिन अडकत अडकत चालायला लागलं. मुंबईहून मिस्त्री बोलवायचा तर आठ दिवस गेले असते. कोणीतरी माझं नाव सांगितलं. मी जाऊन पाहिलं तर ठिणगी पाडणाऱ्या यंत्रातली एक बारीक पोलादी पट्टी तुटलेली. घड्याळाची जुनी स्प्रिंग कापून, घासून मी तशी पट्टी बनवली. संध्याकाळी बसवली आणि इंजिन असं सुरू झालं की पायलटनं मला मिठीच मारली.

काय देऊ, असं त्यानं विचारलं. मी काही नको म्हणालो. बोलता बोलता तो म्हणाला की शनिवारी सकाळी तो धुळ्याला निघणार आहे, तिथे पुढचा मुक्काम, पेट्रोलचे डबेही तिथेच मागवून ठेवलेत. पुढची सीट रिकामी आहे.

शनिवारी शेवंताचं लग्न होतं.

मी विचारलं, किती वेळ लागतो. तो बोटांवर मोजून म्हणाला, पस्तीस मिनिटं. फार तर चाळीस.

त्या पस्तीस मिनिटांनी मला वेड लागलं, दुसरा शब्द नाही. सोळा वर्षं ज्या धुळ्यानं माझा जीव खाल्ला ते पस्तीस मिनिटांवर होतं. बाकडं नाही, लाल दिवा नाही. मी घरी येऊन भिकुबाईला सांगितलं की तुम्ही सगळे शुक्रवारी गाडीनं पुढे व्हा, मी शनिवारी सकाळी लुगडं घेऊन विमानानं येतो. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून माझ्याकडे बघत राहिली.

"आपली गाडी बरी शे," ती म्हणाली. "बठ्ठा संगेच जाऊत. इमानना काय भरोसा?"

मी म्हणालो, सगळ्यांबरोबर गाडीनं यायची मला गरज नाही, त्याचं इंजिन मी माझ्या हातानं दुरुस्त केलंय, भरवसा मला विचार. मग तिनं निदान लुगडं तरी माझ्याजवळ दे म्हटलं. ते तर मी मुळीच ऐकणार नव्हतो. लुगडं पुढे गेलं असतं तर मामा येतो की नाही याची लोकांत कुजबुज झाली असती, आणि रीत मोडली असती ती वेगळीच. उलट मी तिच्याबरोबर ताईबाईला निरोप दिला. म्हटलं, सांग तिला, तुझा भाऊ सकाळी नऊ वाजता आकाशातून उतरणार आहे. मळ्याजवळचं रान मोकळं करून ठेव आणि वाजंत्री तिथेच उभी कर.

दोन दिवस मी गल्लीत कोणाशी साधं बोललो नाही. कोणी कुठे निघालात म्हटलं की मी खिशातलं घड्याळ काढून दाखवायचो.

शनिवारी साडेआठला निघालो. लग्नाचं आणि मळ्याजवळच्या रानाचं मी पायलटला सांगून ठेवलं होतं. लुगड्याचं गाठोडं पायलटनं माझ्या सीटमागच्या कप्प्यात ठेवलं, मांडीवर धरलं तर वाऱ्यानं उडेल म्हणाला. त्याचा स्वतःचा नकाशा असाच भुसावळवर उडून गेला होता. म्हणून त्यानं मला विचारलं की धुळ्याचा रस्ता तुम्हाला ठाऊक आहे ना.

"साहेब, बत्तीस खेपा केल्यात," मी सांगितलं. "डोळे बांधा माझे, तरी नेतो."

तो म्हणाला, मग तुम्ही पुढून हात दाखवा, मी वळवतो. त्यानं टाकीत काठी घालून पाहिली. तासाभराचं पेट्रोल होतं. पस्तीस मिनिटांच्या वाटेला ते भरपूर होतं, म्हणून त्यानं इथे आणखी घेतलं नाही.

विमान वर गेलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. मग खाली पाहिलं आणि भीती गेली. फॅक्टरीचं धुराडं बोटाएवढं, स्टेशन आगपेटीएवढं. वर आल्यावर खाली तीन वाटा दिसायला लागल्या. एक पांढरी सडक, पश्चिमेला एरंडोलकडे निघालेली. एक सुरतेकडचा रूळ. आणि तिसरा आपला रूळ, शिरसोलीवरून चाळीसगावकडे जाणारा.

आमच्या दोघांच्या मधे एक रबरी नळी होती, तिच्यातून बोललेलं ऐकू यायचं. पायलटनं नळीतून विचारलं की ही सडक कुठे जाते.

मी खाली बघून सांगितलं की धुळ्याला जाते, पण तिचं नाव काढू नका. तीन वर्षांपूर्वी मी एकदा वैतागून सर्व्हिस मोटारीनं त्या सडकेवरून निघालो होतो. बांभोरीजवळ गिरणेच्या वाळूत चाकं रुतली, आणि सगळ्या उतारूंनी उतरून रणरणत्या उन्हात ती मोटार ढकलली. चार तास. धोतर फाटलं ते वेगळंच. तेव्हापासून मी त्या वाटेच्या नावानं कानाला खडा लावला होता.

"रस्ता खराब आहे, साहेब," मी नळीत ओरडलो. "गिरणेत फार वाळू आहे. रुळानं चला."

त्याला वाटलं असेल, हा इथला माणूस आहे, बत्तीस खेपा केलेला, काहीतरी कारण असेल. मी रुळाकडे हात केला, आणि त्यानं विमान रुळावर घेतलं.

मी खोटं कशाला बोलू, तो प्रवास फार सुखाचा झाला. शिरसोली गेली, म्हसावद गेलं, पाचोरा आलं. एकेका स्टेशनाचं नाव मी नळीतून सांगत होतो आणि हातानं असं सरळ, असं सरळ दाखवत होतो. ज्या गाडीनं मला सोळा वर्षं छळलं तिच्यासारख्याच एका गाडीला आम्ही कजगावजवळ मागे टाकलं. मी उभा राहून तिला हात केला. पायलटनं मागून ओरडून मला खाली बसवलं.

समोरून वारा होता. चाळीसगाव दिसायला पंचावन्न मिनिटं लागली. मी घड्याळ पाहिलंच नव्हतं, कारण घड्याळ पाहायची गरज गाडीत असते, अशी माझी समजूत झाली होती. स्टेशन आल्यावर मी उजवीकडे हात केला.

पायलटनं विचारलं, हे धुळे का? मी म्हणालो, नाही, हे चाळीसगाव, इथून धुळ्यासाठी वळायचं. विमान एकदम खाली झुकलं. गावाबाहेर कापसाच्या पऱ्हाट्या काढलेल्या एका रिकाम्या शेतात आम्ही उड्या मारत उतरलो आणि इंजिन बंद झालं. त्यानं बंद केलं की पेट्रोल संपलं, ते मला कळलं नाही.

तो उतरला. चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघायला लागला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त न समजल्यासारखा बघत होता.

"मिस्त्री," तो म्हणाला, "आपण इथे का आलो?"

"धुळ्याला जायचं म्हणजे चाळीसगाव लागतंच, साहेब."

त्यानं एक काडी उचलली आणि मातीत तीन टिंबं काढली. जळगाव, चाळीसगाव, धुळे. जळगावहून चाळीसगावला एक रेघ, चाळीसगावहून धुळ्याला दुसरी. मग जळगावहून सरळ धुळ्याला तिसरी रेघ ओढली, आणि तिच्यावर काडी आपटली. वाळू गिरणेत होती, हवेत नव्हती. हे मला, इंजिनं खोलणाऱ्या माणसाला, त्या शेतात उभं राहिल्यावर कळलं. तिथल्या तिथे जमीन दुभंगावी असं वाटलं.

पण लाज वाटून घ्यायलाही वेळ नव्हता. पावणेदहा व्हायला आले होते. पायलट म्हणाला, काळजी करू नका, गावात मोटारींचं दुकान असेल तिथून पेट्रोल आणतो, तासाभरात उडू, आणि इथून धुळे पंचवीस मिनिटं. म्हणजे सव्वाअकराला पोहोचू. तुम्ही विमानाजवळ बसा, पोरं हात लावतील.

तास. पुन्हा बसा. पुन्हा चाळीसगावात बसा. तेवढ्यात स्टेशनकडून शिट्टी ऐकू आली. ती शिट्टी मी झोपेतही ओळखली असती. धुळ्याची गाडी फलाटावर उभी होती, आणि नऊ पन्नासला सुटणार होती. दीड फर्लांगावर. सोळा वर्षांत ती मला पहिल्यांदाच वेळेवर भेटत होती. ती पावणेबाराला धुळ्याला पोहोचते. पेट्रोल मिळेल की नाही कोणी सांगावं, मिळालं तर चांगलं असेल की रॉकेल मिसळलेलं असेल. गाडी समोर आहे. मी पायलटला म्हटलं, तुम्ही मागाहून या, मी गाडीनं जातो. तो काहीतरी ओरडत होता. मी ढेकळांतून पळत सुटलो होतो.

गाडी मिळाली. माझ्या पळण्याला त्या दिवशी पहिल्यांदा यश आलं. डब्यात बसून मी धाप टाकत होतो आणि मनात म्हणत होतो की शेवटी आपली आगगाडीच खरी. शेजारच्या म्हातारीला मी सांगितलंही की मी विमानातून उतरून आलो. ती सरकून बसली.

जामदा गेलं. गिरणेचा पूल गेला. पुढे एका लहानशा स्टेशनात गाडी उभी राहिली ती राहिलीच. समोरून मालगाडी येणार होती, रूळ एकच. ती येईपर्यंत आम्ही बाजूला. पाव तास झाला, अर्धा झाला. मी उतरून फलाटावर येरझाऱ्या घालायला लागलो. मग स्टेशन मास्तरांशी भांडलो. ते गरीब म्हणाले की भांडून मालगाडी लवकर येते का. मी म्हणालो, माझ्या भाचीचं लग्न आहे, मामा आहे मी. ते म्हणाले, मग कालच जायचं.

अकरा वाजायला पाच मिनिटं असताना चाळीसगावकडून आवाज आला. गाडीतले सगळे खिडक्यांतून बाहेर डोकावले. मी फलाटावर मान वर करून उभा होतो. विमान रुळाच्या बरोबर वरून येत होतं, मी शिकवलं होतं तसं. माझी पुढची सीट रिकामी होती. पायलटला खाली काय दिसलं असेल ते असो, त्यानं काही मान वळवली नाही. ते डोक्यावरून गेलं आणि धुळ्याकडे लहान लहान होत गेलं.

तेव्हा माझा हात काखेत गेला. काख रिकामी होती. लुगड्याचं गाठोडं विमानातच राहिलं होतं.

मी तिथे बाकड्यावर बसलो. नवरीला हात धरून आणणारा मामा इथे, तिनं नेसायचं लुगडं वर. मालगाडी बारा वाजून पाच मिनिटांनी आली. बारा दहाला मी घड्याळ काढून पाहिलं आणि परत खिशात ठेवलं. आमचा गार्ड तेव्हा हिरवं निशाण उलगडत होता.

धुळ्याला उतरलो तेव्हा सव्वा वाजला होता. मळ्यापर्यंत चालत गेलो. वाटेत पोरं विमान बघून परतत होती. मांडवात शिरलो तर पंगत बसलेली, वरण-बट्टीचा वास सुटलेला. आणि मानाच्या पाटावर पायलट. डोक्याला लाल फेटा बांधलेला, त्याच्यावर विमानाचा चष्मा तसाच, आणि तो बट्टी कशी कुस्करायची ते धनसिंग पाव्हण्यांकडून शिकत होता. मला पाहून तो उठायला लागला, पण पाव्हण्यांनी त्याला खांद्याला धरून बसवलं. मानाच्या पाटावरून मामानं उठायचं नसतं.

काय झालं ते भिकुबाईनं मला एका कोपऱ्यात घेऊन सांगितलं. ताईबाईनं नऊ वाजल्यापासून वाजंत्री रानात उभी करून ठेवली होती. लोक हसायला लागले होते. दहा वाजले, अकरा वाजले, ती जागची हलली नाही. सव्वाअकराला विमान उतरलं आणि वाजंत्री वाजायला लागली. आतून एकटा पायलट उतरला, गाठोडं हातात घेऊन. मिस्त्री गाडीनं येतायत, एवढं त्यानं सांगितलं. मग लुगडं नेसवून नवरीला तयार केलं आणि बाराला पाच कमी होईपर्यंत सगळे दाराकडे बघत बसले. शेवटी भटजींनी विचारलं की मामा कोण. ताईबाई म्हणाली, ज्याच्या हातून लुगडं आलं तो. भटजी जरा घुटमळले, पण मुहूर्त त्यांच्याच पंचांगातला होता. पायलटला बिचाऱ्याला काही कळलं नाही. त्याला वाटलं, इथे पाव्हण्यांचं असंच स्वागत करतात. त्यानं शेवंताला हात धरून आणलं आणि हात जोडून शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत तिच्या मागे उभा राहिला, आणि अक्षताही सगळ्यांच्या आधी त्यानंच टाकल्या.

शेवंता माझ्या पाया पडायला आली. येवल्याचं लुगडं तिला फार शोभत होतं.

"लुगडं मातर येयवर उनं, मामा," ती म्हणाली आणि हसली. वेळेवर आलं एवढंच तिला म्हणायचं होतं, तिच्या मनात काही नव्हतं. मला मात्र तोंड कुठे लपवावं ते कळेना.

ताईबाई चुलीमागे होती. मी तिच्याकडे गेलो. येताना वाटेत मी सगळं जुळवून ठेवलं होतं. समोरचा वारा, पेट्रोल, मालगाडी, एकेरी रूळ. मी बोलायला सुरुवात केली. ती ऐकत होती. तिचा राग मला ठाऊक होता, त्याला मी तयार होतो. ती रागावलीच नाही. तिनं एकच विचारलं की पायलट म्हणतो ते खरं का, त्यानं तासभर थांब म्हटलं होतं आणि तू पळालास? मी हो म्हणालो.

ती हातातली कढई खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली.

"सोळा वरीस आम्ही तुन्ही वाट दखी, भाऊ," ती म्हणाली. "तुले एक घंटा वाट दखता उनी नही का?"

मग तिनं मला पान वाढलं. शेवटच्या पंगतीत मी जेवलो. ती समोर उभी होती म्हणून पानातलं सगळं संपवलं.

तिसऱ्या दिवशी पायलट म्हणाला की त्याला जळगाववरूनच पुढे जायचंय, चला, सडकेवरून सरळ सोडतो, पस्तीस मिनिटं. त्याच्या मनात माझ्याबद्दल काही अढी नव्हती. भिकुबाईही जा म्हणाली. मी नको म्हटलं आणि तिच्याबरोबर गाडीत बसलो. चाळीसगावला उतरलो तेव्हा जळगावच्या गाडीला साडेचार तास होते. आम्ही बाकड्यावर बसलो. भिकुबाईनं लग्नातल्या बट्ट्या सोडल्या, आम्ही खाल्ल्या, पाणी प्यालो. धुळ्याची धाकटी गाडी आमच्यासमोरून सुटली, तिच्या शेवटच्या डब्यामागे एक माणूस गाठोडं सावरत पळत गेला आणि थांबला. भिकुबाई मधून मधून माझ्याकडे बघत होती, मी आता उठतो की मग उठतो म्हणून. गाडी येईपर्यंत मी एकदाही उठलो नाही.